गांडुळाचं रक्त आणि विभागाचं पाणी

गांडुळाला रक्त असतं आणि ते आपल्यासारखंच लाल असतं, हे मला वयाच्या पन्नाशीत कळलं, तेही भाचीमुळे. तोपर्यंत भोपाळच्या एका हिंदी दैनिकात शिक्षणसंस्थांच्या बातम्या करण्यात माझी बरीच वर्षं गेली होती. या बातम्यांत उद्घाटनं, सत्कार आणि कार्यशाळांचे समारोप असतात. संशोधन म्हणून जे छापायला येतं, तेही नीट पाहिलं तर या तिन्हींपैकीच काहीतरी निघतं. हे मला ठाऊक होतं. तरीही पुढे जे झालं त्यातली एक चूक माझी आहे, आणि ती तिच्या जागी येईल.

भाची म्हणजे माझ्या बहिणीची मुलगी. बहीण आणि मेहुणे भोपाळातच, पिपलानीला, कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहतात. मेहुणे तिथल्या पाण्याच्या प्रयोगशाळेत आहेत. बॉयलरला द्यायचं पाणी तपासणं एवढंच काम ते इतकी वर्षं करत आले आहेत, आणि त्याबद्दल घरात कधी कोणी त्यांना एक प्रश्न विचारलेला मी ऐकला नव्हता. घरात पुण्याची मराठी चालते. भाची मात्र वाक्य मराठीत सुरू करते आणि हिंदीत संपवते. बहिणीने ते दुरुस्त करणं सोडून दिलं आहे.

भाचीने शहरातल्या एका महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात पीएचडीला नाव नोंदवलं. विषय होता गांडुळाच्या रक्तातलं ऑक्सिजन वाहून नेणारं प्रथिन. बहिणीला हा विषय चारचौघींत सांगणं जड जायचं. शेजारणींना ती "रक्तावर संशोधन चाललंय" एवढंच सांगायची, आणि शेजारणी मग आपापल्या घरातल्यांचे रक्ताचे रिपोर्ट घेऊन यायच्या.

"मामा, तुझ्यामाझ्या रक्तात हिमोग्लोबिन पेशींमध्ये भरलेलं असतं," भाचीने एकदा मला समजावलं. "गांडुळाला त्या पेशीच नाहीत. प्रथिन सरळ रक्तात विरघळलेलं. आणि केवढं मोठं! आपल्या हिमोग्लोबिनच्या पन्नासेक पट."

"मग ते तुटत नाही?"

"तोच तर मुद्दा है ना. सहा-सहा तुकड्यांची दोन कडी, एकावर एक ठेवलेली. ती जागेवर राहतात त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या आयनांचा मोठा हात. हे आयन वाढले की प्रथिनाची ऑक्सिजनवरची पकडही घट्ट होते. काढून घेतले, तर पकड ढिली."

आयन म्हणजे काय, हे मी शाळेत शिकून विसरलो होतो. मीठ पाण्यात विरघळलं की त्यातला धातू सुटा होऊन विद्युतभार घेऊन फिरतो, तो आयन, असं तिने सांगितलं. हे सगळं तिच्या प्रबंधाच्या पहिल्याच प्रकरणात होतं. तिच्या गाईडच्या वर्गातल्या नोट्समध्येही ते होतं, आणि त्या नोट्स कित्येक वर्षं बदललेल्या नव्हत्या. म्हणजे विभागातल्या प्रत्येकाला ते पाठ होतं. पुढचं वाचताना एवढं लक्षात ठेवलेलं बरं.

गाईड मूळचे ग्वाल्हेरचे, मराठीच. अरेरा कॉलनीत घर. मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात दरवर्षी एक भाषण त्यांचं असे, विषय कोणताही असो. प्रयोगशाळेत ते आठवड्यातून एकदा येत आणि दारातूनच विचारत, "काय, चालू आहे ना?" चालू आहे असं उत्तर मिळालं की जात. भाचीच्या म्हणण्याप्रमाणे चार वर्षांत त्यांनी उपकरणाला एकदाच हात लावला, तो फोटोसाठी.

काम तसं किचकट होतं. महाविद्यालयाच्या मागच्या बागेतून गांडुळं खणून काढायची. एकेका गांडुळाच्या पाठीवरच्या रक्तवाहिनीतून बारीक काचनळीने रक्ताचे थोडे थेंब ओढायचे. असं पुष्कळ गांडुळांचं जमलं की ते थंड ठेवून यंत्रात गरगर फिरवायचं आणि नितळ भाग बफरमध्ये ठेवायचा. बफर म्हणजे आम्लता ठरावीक ठेवणारं द्रावण; त्यात जवळजवळ सगळं पाणीच असतं. मग ऑक्सिजन थोडा थोडा वाढवत रंग मोजायचा. ऑक्सिजन नसला की जांभळट, भरला की लालभडक. प्रथिन अर्धं भरायला ऑक्सिजनचा किती दाब लागला, तो आकडा वहीत लिहायचा. आकडा लहान आला तर पकड घट्ट.

पहिल्या वर्षी आकडा जगात सगळीकडे येतो तसाच आला. गाईडना त्यात काही रस वाटला नाही. "हे तर पुस्तकात आहे," ते म्हणाले. पुस्तकात आहे ते आपल्या बागेतही खरं निघालं, याला ते अपयश समजत होते.

दुसऱ्या वर्षी विभागात आरओचं यंत्र आलं. एका माजी विद्यार्थ्याने भेट दिलेलं, घरात असतं तसलंच पण आकाराने कपाटाएवढं. त्याच्या उद्घाटनाला मी बातमीदार म्हणून हजर होतो. फीत होती, नारळ होता, प्राचार्य होते. शुद्ध पाण्याचं संशोधनातलं महत्त्व या विषयावर गाईड पंचवीस मिनिटं बोलले. यंत्राच्या दर्शनी बाजूला निळ्या ठळक अक्षरांत लिहिलं होतं की हे यंत्र शुद्ध केलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पुन्हा घालतं. आमच्या फोटोग्राफरने गाईडना त्या अक्षरांच्या शेजारी उभं केलं. फोटो छापला तेव्हा अक्षरं स्पष्ट वाचता येत होती. मी ती वाचलीही होती.

त्यानंतर गांडुळांची पकड घट्ट झाली. महिन्यामागून महिना आकडा लहानच येत राहिला. भाचीला आधी वाटलं तिचा हात बसला. मग वाटलं जुनी मोजमापं चुकली असतील. तिने गांडुळं बदलली, बाग बदलली, हबीबगंजच्या बाजूला एका ओळखीच्यांच्या परसातून गांडुळं आणली. आकडा तोच. गाईड प्रथमच खुर्चीवर बसले.

"काळ्या मातीचा गुण आहे हा," ते म्हणाले. "इथल्या मातीत हवा कमी. म्हणून इथलं गांडूळ ऑक्सिजन सोडत नाही. बिल्कुल नवी गोष्ट आहे."

"सर, पहिल्या वर्षी माती तीच होती," भाची म्हणाली.

"पहिल्या वर्षी तुम्ही नवीन होता."

तिसऱ्या वर्षी गाईडनी मला बोलावलं. आता माझी चूक. मी गेलो, त्यांनी सांगितलं ते लिहून घेतलं, आणि भाचीला वेगळं काहीही न विचारता बातमी दिली. घरातली मुलगी आहे, तिला काय विचारायचं, असा माझा समज. मथळा उपसंपादकांच्या डेस्कवर ठरला: "भोपाल के केंचुए में ज्यादा दम". केंचुआ म्हणजे गांडूळ. बातमी बरीच वाचली गेली. पिपलानीच्या क्वार्टरांत तर बहिणीला मिठाई वाटावी लागली. गाईडनी ती फ्रेम करून आपल्या खोलीत टांगली.

चौथ्या वर्षी त्यांनी याच आकड्यांवर एक लेख बाहेरच्या नियतकालिकाला पाठवला. तपासणाऱ्या अनोळखी माणसाने परत एक ओळ लिहून पाठवली: द्रावणात धातूंचे आयन नाहीत याची खात्री केली आहे का? गाईडनी ती ओळ भाचीकडे सरकवली. "फॉर्मॅलिटी असते. एक रीडिंग घेऊन टाका."

तिने एक रीडिंग घेतलं. धातूचे आयन पकडून ठेवणारं इडीटीए नावाचं एक रसायन असतं; ते तिने बफरमध्ये घातलं. पकड ढिली पडली. आकडा एकदम पहिल्या वर्षीच्या जवळ गेला, थोडा पलीकडेच. मग तिने मोजून कॅल्शियम घातलं. पकड परत आली. मातीचा गुण एका चमच्याने जात होता आणि दुसऱ्या चमच्याने येत होता. पण बफरच्या कृतीत कॅल्शियम कुठेच नव्हतं. मग मुळात ते आलं कुठून?

तिने रसायनांच्या बाटल्या बदलून पाहिल्या. काचेची भांडी आम्लाने धुतली. काही फरक नाही. शेवटी उरलं पाणी. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात 'डिस्टिल्ड' असं लिहिलेला मोठा जार असे. तो नेहमी भरलेला असे, म्हणून तो कोण भरतं हे कधी कोणी पाहिलं नव्हतं. भरायचे विभागाचे अटेंडंट, निवृत्तीला आलेले गृहस्थ. भाचीने त्यांना विचारलं. तो संवाद तिने त्याच संध्याकाळी मला जसाच्या तसा सांगितला.

"काका, ये डिस्टिल्ड का जार आप कहाँ से भरते हैं?"

"आरओ से. और कहाँ से?"

"आरओ से? कब से?"

"जब से आरओ आया है. पुरानी मशीन का तो हीटर जला पड़ा है. दरख्वास्त दी थी, गई होगी कहीं."

"किसने बोला था इससे भरने को?"

"बोला किसी ने नहीं. जार खाली रहे तो साहब चिल्लाते हैं, सो भर देता हूँ. और पानी अच्छा है, मैडम. साहब ने ही मिस्त्री बुलवाया था. कहते थे फीका लगता है. उसने पीछे का पेंच घुमाकर थोड़ा बोरिंग का पानी मिलवा दिया. अब स्वाद है."

"आपने बताया क्यों नहीं?"

"पूछा किसने?"

चार पदव्युत्तर तुकड्या, दोन संशोधक, तीन प्राध्यापक रोज त्या यंत्राचं पाणी पीत होते आणि त्याच्यावरची निळी अक्षरं डोळ्यांसमोर होती. कॅल्शियम गांडुळाच्या रक्तात काय करतं हे त्यांतला प्रत्येक जण परीक्षेत लिहीत किंवा तपासत होता.

रविवारी दुपारी मी पिपलानीला गेलो तेव्हा भाची जारमधलं पाणी बाटलीत भरून घरी घेऊन आली होती. मेहुणे कारखान्यात वापरतात ती पाण्याचा कठीणपणा, म्हणजे त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम, तपासायची छोटी पेटी त्यांनी कपाटातून काढली. जेवणं नुकतीच आटपली होती. बहीण टेबल पुसत होती.

"माझ्या भांड्यात ते काही घालायचं नाही," ती म्हणाली.

"भांडं नाही गं, काचेचे पेले आहेत."

"ते पाहुण्यांचे आहेत."

"मग आज पाहुणाच आलाय," मेहुणे माझ्याकडे बघून म्हणाले आणि दोन पेल्यांत पाणी ओतलं. एकात भाचीने आणलेलं, दुसऱ्यात त्यांच्या प्रयोगशाळेतलं. दोन्हींत एकेक चिमूट पूड टाकली. त्यांच्या पाण्याचा रंग ताबडतोब निळा झाला. भाचीचं पाणी द्राक्षाच्या रसासारखं तांबडं झालं. मेहुणे त्यात ड्रॉपरने थेंब टाकू लागले. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पूर्ण बांधले गेले की तेही निळं होतं, असं त्यांनी मला सांगितलं. ते मोजत होते. पंधरा झाले, वीस झाले. पाणी तांबडंच.

"याला डिस्टिल्ड म्हणतात तुमच्याकडे?"

"जारवर लिहिलंय तसं, बाबा."

"जारवर काहीही लिहिता येतं. हे मी बॉयलरला दिलं असतं तर त्याच आठवड्यात मला घरी बसवलं असतं. तिथे साधा मजूरसुद्धा पाणी तपासल्याशिवाय व्हॉल्व्ह उघडत नाही." मग त्यांनी ड्रॉपर खाली ठेवला. "किती वर्षांचं काम आहे यात?"

"दोन. दुसरं आणि तिसरं, सगळंच."

त्यांनी पेटी बंद केली. बहिणीने पेले उचलून राखेने घासायला घेतले.

भाचीच्या नोंदणीची मुदत त्या वेळी जेमतेम दोन महिने उरली होती. एकदा मुदतवाढ घेऊन झालेली होती, दुसरी मिळत नसे. तेवढ्यात प्रबंध गेला नाही तर चार वर्षं पाण्यात जाणार होती, आणि त्यासाठी प्रबंधाला जोडायच्या प्रमाणपत्रावर गाईडची सही लागणार होती. तिने रसायनशास्त्र विभागातून खरंखुरं ऊर्ध्वपातित पाणी मागून आणलं. वापरण्याआधी बाबांच्या पेटीने तपासलं. पाच आठवडे ती बागेत, थंड खोलीत आणि यंत्रापुढे होती. सगळी मोजमापं पुन्हा घेतली. आयन नसलेल्या पाण्यात आपलं गांडूळ जगातल्या कुठल्याही गांडुळासारखंच निघालं. कॅल्शियम टप्प्याटप्प्याने वाढवलं तशी पकड टप्प्याटप्प्याने वाढली. मॅग्नेशियमने वाढली, पण कमी. तांब्याने उलटंच केलं. रक्त तपकिरी पडलं आणि ऑक्सिजन धरेनासं झालं. हे सगळं नीट, मोजलेलं, वहीत तारखांसह होतं. खरं तर प्रबंधाला आता कुठे अर्थ आला होता.

प्रबंधाचं नाव बदलायला गाईड लगेच तयार झाले. धातूंच्या आयनांचा परिणाम, हे नाव त्यांना भारदस्त वाटलं. अडलं एका वाक्यावर. पद्धतीच्या प्रकरणात भाचीने लिहिलं होतं की दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षीची मोजमापं विभागातल्या पिण्याच्या पाण्याच्या यंत्रातलं पाणी वापरून घेतली गेली, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम होते, आणि हे त्या वेळी तपासलं गेलं नव्हतं.

गाईडनी हे वाक्य मात्र वाचलं. बाकीची दीडशेच्या वर पानं असतील, त्यांतलं हे एकच त्यांच्या नजरेत भरलं.

"हे काढायचं," ते म्हणाले.

"काढलं तर सर, दोन वर्षांच्या आकड्यांचं काय सांगणार?"

"सांगायचं की आयन आपण घातले होते. आधीपासून आपला अभ्यास आयनांचाच होता."

"वहीत तारखा आहेत, सर. तेव्हा आपण मातीचा गुण म्हणत होतो."

"वह्या परीक्षक मागत नाहीत. तुम्ही समजून घ्या. आरओचं उद्घाटन प्राचार्यांनी केलेलं आहे. बातमी छापून आलेली आहे. आता आपणच आपल्या हाताने लिहायचं?"

प्रमाणपत्र त्यांनी टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं, बिनसहीचं. वाक्य काढून आणा आणि सही घेऊन जा, असा अर्थ होता. तसं ते म्हणालेही.

पिपलानीत यावर दोन दिवस चर्चा झाली. बहिणीचं म्हणणं सरळ होतं.

"एक वाक्य आहे गं. काढ की. कोण वाचतंय?"

"मग वह्याही जाळू का?"

"वह्या जाळायला कोणी सांगितलं? कपाटात ठेव. आधी डिग्री घे, मग सत्य बोलत बस आयुष्यभर."

"आई, ज्या प्रबंधात सुरुवातच खोटी लिहिली, त्यावर मी पुढे दुसऱ्याला कसं शिकवू? बाबा, तुम्ही बोला ना."

मेहुणे म्हणाले, "मी पाण्याचा रिपोर्ट कधी बदलला नाही. पण मला कधी कोणी बदलायला सांगितलंही नाही. त्यामुळे माझं उदाहरण घेऊ नकोस."

भाची मग माझ्याकडे वळली. "मामा, सरांची सगळी ऐट तुझ्या बातमीवर है. तू छापलंस, तूच दुरुस्त कर."

वृत्तपत्रात दुरुस्ती कशी छापतात, हे सांगायला हवं. सहसा छापत नाहीत. एखाद्या मोठ्या माणसाचं नाव किंवा हुद्दा चुकला तर छापतात, तेही तो माणूस फोन करेल म्हणून. दुपारच्या बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा आमचे वृत्तसंपादक आधी हसले.

"केंचुए ने नोटिस भेजा है क्या?"

"खबर गलत थी. मैंने दी थी."

"दो साल पुरानी?"

"एक साल."

"भाई साहब, भूल-सुधार रोज छापेंगे तो लोग समझेंगे हम रोज भूल करते हैं."

बैठकीत सगळे हसले. विषय तिथेच संपला. मी मजकूर लिहून डेस्कच्या ट्रेमध्ये ठेवून दिला. तो तिथे तीन दिवस पडून राहिला. चौथ्या दिवशी एका कोचिंग क्लासने जाहिरात थोडी आखूड केली आणि शहर पानावर तळाला दोन बोटं जागा रिकामी राहिली. पान लावणाऱ्याने काही छोटं आहे का म्हणून विचारलं. अशा रीतीने, आणि केवळ याच कारणाने, तो मजकूर छापून आला: "भूल-सुधार: भोपाल के केंचुओं के खून में ऑक्सीजन पकड़ने की विशेष क्षमता का समाचार सही नहीं था। वह असर प्रयोगशाला के पानी में मिले कैल्शियम और मैग्नीशियम का था। यहाँ के केंचुए सामान्य हैं।"

सकाळी नऊ वाजता गाईडचा फोन.

"साहेब, तुम्ही तर आपली माणसं. छापायच्या आधी एक फोन करायचा ना."

"मूळ बातमीच्या वेळी प्रत्यक्ष येऊन भेटलो होतो. त्याने काय फायदा झाला?"

"माझी काय इज्जत राहिली आता?"

मी म्हटलं, तुमचं नाव त्यात नाही. हे ऐकून ते जास्तच दुखावले.

पुढे जे झालं ते मला अपेक्षित नव्हतं, आणि ते घडलं यात कोणाचंही श्रेय नाही. दुपारी प्राचार्यांनी त्यांना बोलावून घेतलं. गाईडनी स्वतःच ही दुरुस्ती वृत्तपत्राकडे पाठवली असणार, असं प्राचार्यांनी गृहीत धरलं होतं. दुसरं कोण पाठवणार? त्यांनी शिक्षकांच्या सभेत गाईडचं अभिनंदन केलं. संशोधनातला प्रामाणिकपणा याला म्हणतात, असं ते बोलले, आणि पाच मिनिटं टाळ्या झाल्या. गाईडनी त्या टाळ्या घेतल्या. एकदा घेतल्यावर परत करता येत नव्हत्या. ज्या चुकीची कबुली देण्याबद्दल सत्कार झाला, ती चूक प्रबंधात नसणं आता चाललं नसतं.

मुदत संपायला दोन दिवस उरले असताना त्यांनी भाचीला बोलावलं. प्रमाणपत्र ड्रॉवरमधून काढून सही केली.

"ते वाक्य आहे ना आत?" त्यांनी विचारलं.

"आहे, सर."

"राहू द्या. मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो."

भाचीने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा बहीण देवापुढे साखर ठेवत होती. "बघ, तुझे सर चांगलेच निघाले," ती म्हणाली. मेहुणे मोठ्याने हसले. मी त्यांना तसं हसताना फारसं पाहिलेलं नाही.

तोंडी परीक्षा काही महिन्यांनी झाली. ती सर्वांना खुली असते, म्हणून आम्ही तिघंही मागच्या रांगेत जाऊन बसलो. बाहेरच्या राज्यातून आलेले परीक्षक वयस्क, सावकाश बोलणारे होते. गाईडनी प्रास्ताविकात प्रामाणिकपणावर दहा मिनिटं घेतली. भाचीने पाऊण तास सादरीकरण केलं. परीक्षकांनी कॅल्शियमच्या आलेखावर दोन प्रश्न विचारले, तांब्यावर एक. उत्तरं बरोबर आली असावीत, कारण ते मान हलवत होते. मग त्यांनी प्रबंध उघडला आणि ते पान काढलं.

"यह पानी वाली बात किसने पकड़ी?"

गाईड उठून उभे राहिले. "सर, हमारे विभाग की परंपरा रही है कि..."

"मैं इनसे पूछ रहा हूँ."

भाची म्हणाली, "अटेंडेंट साहब को शुरू से मालूम था, सर. मैंने तीन साल बाद पूछा. मुझे पहले दिन पूछना चाहिए था."

अटेंडंट दाराशी बिस्किटांचं ताट घेऊन उभे होते. सगळ्यांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी ताट दुसऱ्या हातात घेतलं.

परीक्षकांनी प्रबंध त्या पानावर उघडाच ठेवला. मग खिशातून फोन काढून, "एक मिनट," म्हणत ते व्हरांड्यात गेले. दार उघडंच होतं.

"हाँ, मैं बोल रहा हूँ. सुनो, अपनी लैब में डिस्टिल्ड वॉटर का जार कौन भरता है? ... नहीं, नाम बताओ. ... तो किसको पता है? ... अरे, जाकर पूछो उससे कि कहाँ से भरता है. अभी जाओ. मैं फोन पर हूँ."

गाईड छताकडे बघत होते. परीक्षक कानाला फोन लावून व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होते. असं बराच वेळ चाललं. शेवटी त्यांनी काहीतरी ऐकलं, "अच्छा" म्हणाले आणि फोन बंद केला.

आत येऊन ते खुर्चीवर बसले. पुढचे सगळे प्रश्न त्यांनी कागदावर लिहून आणलेले दिसत होते. तो कागद त्यांनी घडी करून ठेवून दिला. अहवालाचा फॉर्म मागितला, पदवी द्यावी अशी शिफारस लिहिली आणि खाली सही केली.